फिटचं बघा

ती घटना अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तीस वर्षांहून जास्त नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गुरांच्या चोऱ्या तर मोजल्याच नाहीत. तरी जुनं काही आठवायला बसलो की ज्यात गुन्हाच दाखल झाला नाही असं हे प्रकरण आधी पुढे येतं. एका माणसाचा जीव वाचवायला मी निघालो होतो आणि त्या नादात तोच जीव धोक्यात घालून बसलो होतो.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. बेल्ह्याचा बाजार असल्यामुळे निम्मा स्टाफ बंदोबस्ताला गेला होता. सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. बाईमाणसाचा आवाज होता. तिचे शब्द त्याने स्टेशन डायरीत जसेच्या तसे उतरवले: "अंदमानला चाललेल्या धा जणांतला एक माघारी येनार न्हाई. फिटचं बघा." कोण बोलतंय विचारेपर्यंत फोन बंद झाला. आमच्या जुन्या फोनवर नंबर दिसत नसे आणि तो मागवायचा म्हणजे दोन-चार दिवस जाणार. अंदमानचं विमान तर दुसऱ्या दिवशी पहाटेचं होतं.

ते दहा जण शोधावे लागले नाहीत. सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होते. दहावीला एका वर्गात असलेले, आता पन्नाशीला टेकलेले दहा मित्र समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघणार होते. दोन महिने तयारी चालली होती. एकसारखे टी-शर्ट छापून आले होते. कापडदुकानवाले शेठ जन्मात कधी पाण्यात उतरले नव्हते, ते विहिरीत कंबरेला दोर बांधून बुडी मारायला शिकले. पारावरची म्हातारी माणसंसुद्धा 'स्कुबा, स्कुबा' म्हणायला लागली होती.

या सगळ्याचा म्होरक्या एक रोपवाटिका चालवणारा बागायतदार होता. टोमॅटोची रोपं त्याच्याकडून न्यायला लांबून लोक येत. नाव सांगत नाही, त्याला सगळे नर्सरीवाले म्हणत, मीही तेच म्हणतो. त्याला मी सहलीच्या फायलीसकट बोलावून घेतलं.

फाईल बघून मी खूश झालो. आमच्या हवालदारांनी शिकावी इतकी टापटीप होती. तिकिटं, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि प्रत्येकाचा डॉक्टरचा दाखला. पाण्याखाली नेणारे लोक असा दाखला मागतात. प्रत्येकावर एकच शेरा होता, फिट. 'फिटचं बघा'चा अर्थ मला तिथेच लागला असं वाटलं. यातला एखादा दाखला खोटा असणार. नऊ दाखले गावातल्याच डॉक्टरांचे होते. त्यांना फोन लावला, ते म्हणाले नऊच्या नऊ मीच तपासून दिलेत. दहावा स्वतः नर्सरीवाल्याचा, मंचरच्या डॉक्टरांचा. कामासाठी मंचरला गेला असेल, तिथेच घेतला असेल, असं म्हणून मी ते पान उलटलं. इथेच थांबायला हवं होतं. गावात डॉक्टर असताना माणूस एका कागदासाठी तालुका ओलांडून का जाईल, हे मला सुचलं नाही.

कारण पुढच्या पानावर मला हवं ते सापडलं होतं. पाण्यात दोघादोघांनी एकत्र राहायचं असतं, त्या जोड्यांची यादी होती. नर्सरीवाल्याच्या जोडीला नाव होतं गावातल्या दूध डेअरीवाल्याचं. आता या दोघांचं शेतरस्त्यावरून भांडण झालेलं होतं. दोन वर्षांपूर्वीची अदखलपात्र तक्रार आमच्याच कपाटात होती. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ज्याच्याशी बोलत नाही त्यालाच हा माणूस समुद्रात एकटा जोडीला घेतो! दिव्याखाली अंधार तो हाच, असं मनाशी म्हणून मी चौकशीला बसलो.

दोन तास मी त्याला सोडला नाही. जोडी कोणी लावली? तो म्हणाला, चिठ्ठ्या टाकल्या. मग म्हणाला, डेअरीवाल्यानेच यादी करणाऱ्या शेठकडे मागून घेतली. उत्तर बदललं की आमचे कान टवकारतात. त्याच्या कपाळावर घाम होता. सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. घड्याळ बघणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हा माझा अनुभव. लपवत तो होताच. मध्ये दोनदा म्हणाला, साहेब, घरी जाऊन जेवून येतो, वेळेवर खाल्लं नाही की पित्त होतं मला. पित्ताचं नंतर बघू, असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. दीड वाजून गेला होता.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. आत जाणारा डबा तपासायचा, हा ठाण्याचा नियम. आमच्या महिला शिपायाने भाकरीचा पदर उचलला तर खाली कागदात गुंडाळलेली एक गोळी. डबा माझ्या टेबलावर आला. मी बाईंना विचारलं, हे काय आहे? त्यांनी तोंड उघडलं मात्र, ठाणे अंमलदार खुर्चीतून उठला. सकाळचा आवाज त्याने ओळखला होता.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदर तोंडाशी होता, पण बोलल्या सरळ. "फिटचं बघा म्हनले व्हते मी. तुमी दाखलं बघत बसला. त्यास्नी फिट येती साहेब. शाळंत असल्यापासून येती. सा वर्सं आली न्हाई, म्हनून म्हनत्यात बरा झालो. पान्याखाली आली तर काय व्हईल? आदी ती गोळी द्या, टाइम व्हऊन गेलाय."

मी स्वतः तांब्या भरून दिला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी देऊन मोकळा झालो होतो. या दोन तासांत तो माणूस माझ्यासमोर खुर्चीतून कोसळला असता तर त्याचा दोष मी कुणावर टाकणार होतो?

गोळी घेतल्यावर त्याने सगळं सांगितलं. मंचरच्या डॉक्टरांना त्याने आजार सांगितलाच नव्हता. गावातल्या डॉक्टरांना तो माहीत होता, म्हणून मंचर. मुलीचं स्थळ जमत आलं होतं, बोलणी पुढच्या आठवड्यात. बापाला फिट येते हे कळलं तर मोडेल, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सहल त्यानेच ठरवलेली, मग मागे कुठल्या तोंडाने राहणार? मग त्याने जे मागितलं ते नोकरीत दुसऱ्या कुणी मागितलं नाही. "साहेब, माझ्यावर गुन्हा दाखल करा. कायबी लावा. चौकशी चालूय म्हनून आडकलो, आसं मी दोस्तांला सांगतो. पन ह्ये नगं."

आरोपी व्हायला तयार, पण आजारी व्हायला नाही! मला त्याचा रागही आला आणि गलबलूनही आलं. मी काही बोलायच्या आत बाईंनीच उत्तर दिलं. "लेकीचं जमंल न्हाईतर न्हाई जमायचं. बाप तर ऱ्हाईल तिला."

एवढ्यात बाहेर गलका झाला. नऊच्या नऊ मित्र ठाण्यात आले होते. आमच्या माणसाला का बसवलं, याचा जाब त्यांना हवा होता. सगळ्यांत पुढे डेअरीवाला. त्याला सोडणार नसाल तर आम्हीही जात नाही, तिकिटं फाडून टाका, असं शेठ म्हणत होते. नर्सरीवाला उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून म्हणाला, "मला फिट येती. पान्यात न्हाई उतरायचो मी."

डेअरीवाला म्हणाला, "ठावं हाये. धावीला पराथनेत पडला तवा तुजं डोकं माज्याच मांडीवर व्हतं. दाखल्यावर फिट लिव्हलेलं बगितलं, म्हटलं डाक्टर मोटा का आपन? पन जीव न्हाई राह्यला, म्हनून जोडी मागून घेतली."

जी यादी मी खुनाचा पुरावा म्हणून टेबलावर वेगळी काढून ठेवली होती, ती मी मुकाट्याने फायलीत परत लावली. दोन वर्षं न बोलणाऱ्या माणसाने ती जोडी मागितली होती, आणि मला त्यात वैरच दिसलं. पोलिसाची नजर तीक्ष्ण असते म्हणतात. असते, पण ती जिथे वळवावी तिथेच बघते.

सगळे दहा जण अंदमानला गेले. आठ जण पाण्याखाली उतरले. शेठ मला नंतर सांगत होते, नर्सरीवाला बोटीतच बसून राहिला आणि डेअरीवालाही उतरला नाही, दोघं मिळून बाकीच्यांचे कपडे सांभाळत बसले होते. मुलाकडच्यांशी बोलताना बाईंनी आजार आधीच सांगून टाकला. त्या लोकांनी चार दिवस विचार केला आणि लग्न केलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारलं तर एकच सांगतो. उरलेल्या वर्षभरात माझ्या ठाण्यात चौकशीला आलेल्या कुठल्याही माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचो, काही औषध घ्यायचं आहे का? हाताखालच्यांनाही तशी ताकीद दिली होती. हे विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही. नर्सरीवाला अजून कधी बाजारात भेटतो, हात धरून चहाला नेतो, त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याने मला केव्हाच माफ केलं असावं. मला मात्र त्याच्याकडे बघताना भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजलेला दिसतो.