नवसीची बियाण्याची मुडी

रविवार, ११ नोव्हेंबर १९८४. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पीकसणाचा लिलाव झाला आणि त्यात नवसीची भाताची मुडी एक्केचाळीस रुपयांना गेली.

तिथली रीत अशी, की प्रत्येक घराने नव्या पिकाचा वाटा आणून वेदीपुढे ठेवायचा. उपासना संपली की त्याचा लिलाव होई आणि आलेले पैसे देवळाच्या छपरासाठी पेटीत पडत. मुडी म्हणजे पेंढ्यात भात घालून दोरीने करकचून आवळलेला गोल गठ्ठा. नवसीने यंदा सारख्याच आकाराच्या दोन मुड्या बांधल्या होत्या. एक देवाची, दुसरी पुढच्या वर्षीच्या बियाण्याची. बियाण्याचं भात तिने उभ्या पिकातून भरलेल्या लोंब्या निवडून काढलं होतं. नवरा करायचा तसंच. तो गेल्यालाही चार वर्षं झाली होती.

सकाळी ती देवळात सारवायला पुढे आली आणि मुडी आणायचं काम थोरल्या लेकीवर, कमळीवर सोपवलं. लिलाव अर्ध्यावर आला तेव्हा नवसीचं लक्ष दोरीकडे गेलं. दोरीला तीन गाठी होत्या. तीन गाठी फक्त बियाण्याच्या मुडीला मारायच्या.

"पस्तीस एकवार!" पाळक एकनाथ ओरडत होते.

"एक्केचाळीस!" पुंजाराम म्हणाला. हा नगरकडचा माणूस, बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. "बाजरी खाऊन खाऊन दात झिजले, आता जरा डोंगरचा भात खाऊ द्या."

"घरात विचारलंस का रे?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

नवसी उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. वेदीपुढची वस्तू भरसभेत 'माझी' म्हणायची कशी? तीनवार झालं, मुडी गेली.

घरी येताच तिने कमळीला धरलं. "कमळे, ती बियाची व्हती गं! दुसरी न्यायची व्हती."

"मला काय ठावं? बाय, तूच सांगतंस, देवाला चांगलं द्यायचं. मी दोन्हींच्या पेंढ्यात बोट घालून दानं बगितलं. जी चांगली ती नेली."

पोरीला हे तिनेच शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती पाळकांकडे गेली. पस्तिशी उलटल्यावर मंडळीच्या वर्गात ती वाचायला शिकली होती, आणि रविवारचं वाचन बायबलातल्या सारफथच्या विधवेचं होतं. दुष्काळात शेवटचं मूठभर पीठ तिने संदेष्ट्याला आधी दिलं आणि तिचं मडकं रितं झालं नाही, ती गोष्ट.

"पाळकसाहेब, त्या बाईनं जाणून दिलं. मी चुकून दिलं. देव ते कशात धरील?"

एकनाथ म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, नवसीबाई. पण देवाला मिळाले ते एक्केचाळीस रुपये, ते पेटीत आहेत. भात आता पुंजारामचं आहे. त्याच्याकडे मागायला लाजू नका."

"आनि नाय दिलं तं?"

"तर जूनपर्यंत देव काय करतो ते बघू. पण आधी विचारून तर या."

गुरुवारी ती दुसरी मुडी डोक्यावर घेऊन बोईसरला चालत गेली. पुंजाराम कामावर होता. त्याच्या बायकोने, रंभाबाईने, दार उघडलं आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"अगं बया! अर्धं कालच गिरणीत भरडून आणलं की मी. पिशवी लहान होती म्हणून अर्धं राहिलं."

नवसी उंबऱ्यावरच बसली. रंभाबाईने उरलेलं भात सुपात ओतलं, मापाने मोजलं, आणि नवसीच्या मुडीतून तेवढंच मोजून घेतलं.

"आम्हाला काय, खायचंच आहे. पोटाला लोंबी निवडलेली आहे का नाही, कुठं कळतंय! चहा घे आधी."

निघताना दोन्ही गाठोडी तिच्या डोक्यावर द्यायच्या आधी रंभाबाईने तिच्या हातात दीड रुपया ठेवला. "एवढं ओझं घेऊन चालू नको, एसटीने जा."

"पुढल्या खेपेला देते," नवसी म्हणाली.

जूनमध्ये तिने खालच्या वावरात निवडलेलं बी पेरलं, वरच्या तुकड्यात साधं. खालच्या वावरासाठीही बी कमीच पडलं. लावणीला रोपं लांब लांब लावावी लागली, तेव्हा शेजारची जमना हसली, "नवसे, गुरं फिरवायला वाट ठेवलीस काय?" वरचं पीक बेताचंच आलं. खालचं बरं आलं, फार नाही, पण लोंब्या निवडण्याजोग्या मिळाल्या. पंच्याऐंशीच्या पीकसणाला तिला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने वर्षभरात काय केलं ते सगळ्यांपुढे बोलायला सांगितलं, तेव्हा ती उभी राहून एवढंच बोलली, "बी अर्धं ऱ्हायलं. पन ऱ्हायलं. मी चुकले तरी त्यानं मला मोकळ्या हातानं घरी धाडलं नाय." आणि खाली बसली.

रंभाबाई ते ऐकायला नव्हती. त्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला आणि पुंजारामचं कुटुंब नगरकडे परत गेलं. पत्ता मंडळीत कोणाकडेच नव्हता.

एसटीचा दीड रुपया नवसीने द्यायचा राहिला आहे.