रेलिंगवरचे टॉवेल

उमरोळीला स्टेशनापासून जरा आत, वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या बावीस जणांनी बैठी घरं बांधली, ती निवांतपणे म्हातारं व्हायला. अकरा पुढे, अकरा मागे, मध्ये चिंचेचं पटांगण. बन्सीभाऊंनी आयुष्यभर पाळीवर जाऊन यंत्रांचे काटे वाचले होते. निवृत्तीनंतर ते टॉवेल वाचू लागले. सकाळी उठलं की प्रत्येकाने दारातल्या रेलिंगवर टॉवेल टाकायचा. सातला बन्सीभाऊंनी गच्चीवरून बघून "दिसला!" म्हणून ओरडायचं, मगच टॉवेल आत. ज्याचा दिसला नाही, त्याच्या दारात पाच मिनिटांत चार जण हजर. न्हाणीघरात पडलेला शेजारचा जिव्या असाच वाचला होता. "फोनवर कुणीही बरं आहे म्हणतं," बन्सीभाऊ सांगत, "टॉवेल खोटं बोलत नाही."

मग बोईसर वाढत वाढत उमरोळीपर्यंत आलं. पटांगण विकलं गेलं, चिंच गेली, तिथे सात मजले उभे राहिले. बोअरचं पाणी आटलं, टँकरांची रांग लागली. एकेकाची मुलं येऊन आईबापांना घेऊन गेली. पुढच्या ओळीत बन्सीभाऊ एकटे उरले, मागे पाच घरं, आणि गच्चीवरून दिसायची ती परक्यांची स्वयंपाकघरं. पण हटतील ते बन्सीभाऊ कसले! टँकर चुकवत, इमारतीला वळसा घालून ते रोज पायी टॉवेल बघायला जात. बावीस टॉवेल एकदम फडफडायचे, ते आठवलं की मात्र ते वाटेतच थबकायचे.

एका सकाळी गुडघा असा सुजला की पलंगावरून उतरवेना. मुलीचा, दीपालीचा फोन आला. "बरा आहे." मागच्या ओळीतल्या रखमाबाईंचा आला. "बरा आहे, उद्या येतो." फोन ठेवताना त्यांची नजर स्वतःच्या मोकळ्या रेलिंगवर गेली. आपला टॉवेल बघायला समोर कुणी उरलेलंच नाही, हे त्यांच्या आज प्रथमच ध्यानात आलं. बन्सीभाऊ घाबरले.

संध्याकाळी काठी टेकत ते निघालेच. मागच्या ओळीत पाचही टॉवेल सकाळपासून तसेच होते, वाळून कडक झालेले. रखमाबाई दारात उभ्या होत्या.

"अजून काढले नाहीत?"

"तुमी दिसला बोललाच नाय, मग कसा काढायचा?" रखमाबाई फणकारल्या. "फोनवर बरा हाय बोललात. आमाला काय समजत नाय? पन त्या टँकरांतून यायला आमचे पाय हायत कुठं? तुमचीच वाट बगत बसलो."

बन्सीभाऊंनी सवयीने एकेक टॉवेल मोजायला घेतला.

मग रखमाबाईच रेलिंगला धरून, पाचही घरांत ऐकू जाईल अशा ओरडल्या, "दिसले गो! बन्सीभाऊ दिसले!"

आणि त्यांनी टॉवेल काढला.