सगळ्यात लांबचा नळ

प्रसूतिगृहातून घरी निघालेल्या प्रत्येक बाळाच्या जांघेत, पायाची नाडी लागते का ते बघायला, डॉक्टरबाई रोज दोन बोटं टेकवायच्या. त्यांचे वडील नळदुरुस्ती करायचे. काम झालं की घरातला सगळ्यात लांबचा नळ स्वतः सोडून बघितल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. लेकीने तीच खोड उचलली होती.

त्या दिवशी तीन दिवसांच्या एका मुलीच्या जांघेत बोटं बराच वेळ राहिली.

"गाडी खोळंबलीय, बाई," पिशव्या आवरून बसलेली आजी म्हणाली. "पोरगी ठणठणीत आहे. आवाज बघा की, बापावर गेलाय."

"आवाजाला नाव ठेवायला जागाच नाही, आजी. पण हाताची नाडी लागते तशी पायाची लागत नाहीये."

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी पुढे अरुंद असावी, असं त्यांनी सांगितलं. तपासणीत तेच निघालं. घरी गेली असती तर चार दिवसांत पोर हातची गेली असती, हे कळल्यावर आईने शस्त्रक्रियेच्या कागदावर लगेच सही केली.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने डॉक्टरबाईंनी आईचीच बोटं धरून बाळाच्या जांघेत टेकवली. नाडी टपटप लागत होती. आई रडू लागली, बोटं काही काढेना.

"पुरे आता," डॉक्टरबाई म्हणाल्या, "लंगोट बांध, गारठेल ती."