ताईतावरची पट्टी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही. चाळीसगावच्या ज्या मित्राबरोबर रोज सकाळी फिरायला जातो, त्यालाही नाही. लोकांना माझ्याबद्दल जे ठाऊक आहे ते फार चांगलं आहे — आणि अडचण नेमकी तीच आहे.

तुम्ही घरी आलात तर बैठकीच्या खोलीत एक फोटो दिसेल. धुळ्याच्या एका सभागृहात माझ्या खांद्यावर शाल घालताहेत, हातात नारळ आहे, मी हसतो आहे. शाल कशाबद्दल? शिरपूरजवळच्या छावणीतली उपाशी पोरं वेळेवर शोधून काढल्याबद्दल. पोरं वाचली हे खरं आहे. सगळी वाचली. हे लिहिताना आजही माझा ऊर भरून येतो. पण शोधून काढली कुणी?

थोडं मागून सांगतो. सातपुड्यातल्या एका पाड्यावर डोंगराची कड खचली. माणसं वाचली, घरं गेली. त्या कुटुंबांना शिरपूरबाहेर, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. कोपऱ्याकोपऱ्यात अजून जुना कापूस चिकटलेला होता. मी तेव्हा एका संस्थेत पोषण-तपासणीचं काम करायचो. काम ऐकायला सोपं आहे. लहान पोराच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, रंगीत पट्टी गुंडाळायची. हिरव्यावर आली तर पोर ठीक. पिवळ्यावर आली तर जपायला हवं. लाल म्हणजे जीव धोक्यात.

आणि नेमक्या त्या जागी, प्रत्येक पोराच्या डाव्या दंडावर, ताईत होता. पाडा सोडला त्या सकाळी तिथल्या म्हाताऱ्या भगताने सगळ्या पोरांना बांधलेला — चिंधीत गुंडाळलेला मणी आणि वरून काळ्या दोऱ्याचे जाड वेढे. नवं घर मिळालं की तोच सोडणार, तोवर कुणी हात लावायचा नाही. पहिल्याच शेडमध्ये मी तो खाली सरकवायला गेलो, तर पोराच्या आईने माझा हात झटकला. बाकीच्या बाया बघत होत्या.

मी काय करायला हवं होतं? उजवा दंड मोजायचा. एवढंच. पण फॉर्मवर डावा छापलेला होता. उजवा मोजला असता तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागलं असतं, आणि मला दुपारची चाळीसगावची गाडी गाठायची होती. मी — मी पट्टी ताईतावरून गुंडाळली.

चुकून नाही. हे दोन शब्द मी इतकी वर्षं टाळले, म्हणून पुन्हा लिहितो — चुकून नाही. चिंधीमुळे दंड किती फुगतोय ते माझ्या बोटांना कळत होतं. तरी शेडमागून शेड मी लिहीत गेलो. हिरवा. हिरवा. हिरवा.

शेवटच्या शेडमध्ये रेवलीबाई होती. तिच्या मांडीवर तिची नात, मंगली, दोनेक वर्षांची. ताईताच्या वर आणि खाली त्या पोरीचा हात माझ्या दोन बोटांएवढा होता. मी हिरवा लिहिला.

“हिरवं म्हंजे काय, भाऊ?” रेवलीबाईने विचारलं. घरात ती पावरी बोलायची, माझ्याशी बाजारातली अहिराणी.

“चांगलं, अक्का. पोर चांगली शे.”

“चांगली शे? मंग रडत काब्र नही?”

झोप आली असेल, माझी गाडी चुकेल, असं काहीतरी पुटपुटून मी निघालो. घाईत एक पट्टी तिथल्या खिळ्यावर लटकलेली राहिली. गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली. अहवालात मी लिहिलं, परिस्थिती समाधानकारक. समाधानकारक म्हटल्यावर जादा आहार कोण पाठवणार?

बारा दिवसांनी मी परत गेलो. कशाला? अहवालाला जोडायचे फोटो काढायला.

आवारात शिरलो आणि थबकलो. प्रत्येक शेडच्या पत्र्यावर खुणा होत्या. कुठे गेरूचा ठिपका, कुठे हळदीचा. दोन-चार दारांवरच तेवढा निंबाचा हिरवा पाला खोचलेला. शेवटच्या दारावर गेरूचे ठिपके तीन होते.

रेवलीबाई बाहेर आली. मी विसरलेली पट्टी तिच्या हातात होती.

“आज गाडी नही का तुनी?” ती म्हणाली. बाया हसल्या. ती हसली नाही. “भाऊ, तू पोरले मोजस का ताईतले?”

मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

“पट्टी खरी शे,” ती म्हणाली. “तू खोटा शे.”

तिने सगळ्या पोरांचे उजवे दंड मोजले होते. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून पट्टीवरचा रंग तिने दारावर उतरवला होता. सगळ्यांत बारीक दंडाच्या मंगलीला तीन ठिपके का, ते विचारायची मला गरज पडली नाही. मी पुन्हा एकेक उजवा दंड मोजत गेलो. तिची एकही खूण चुकलेली नव्हती.

मग मी साहेबांना फोन केला आणि म्हणालो — “मला शंका होती सर, म्हणून परत येऊन तपासलं.”

सहज निघालं ते वाक्य. जवळच उभ्या असलेल्या रेवलीबाईने ते ऐकलं.

पुढचं मात्र मला पोटभर सांगू द्या, कारण ते माझं नाही. त्याच संध्याकाळी गाडी आली आणि मंगली दवाखान्यात गेली. छावणीत जादा आहार सुरू झाला. नुसता भात पोरं खाईनात, तेव्हा बायांनी भांडून मक्याचं पीठ मागून घेतलं, तीन दगडांच्या चुली मांडल्या, भाकरी थापल्या. शेंगदाणे आले, गूळ आला, अंडी आली. दर आठवड्याला रेवलीबाई पट्टी घेऊन फिरायची आणि पोरांची फौज तिच्यामागे. गेरू पुसून हळद लागायची, हळद पुसून पाला. मंगली परत आली ती आरडाओरडा करत, आणि अख्ख्या छावणीत त्या रडण्याचं कौतुक. शेवटी तिच्या दारावरचे तीन ठिपके धुतले गेले, त्या दिवशी जिनिंगच्या आवारात मोठा ढोल वाजला. तसा ढोल मी कुठल्याच लग्नात ऐकलेला नाही. मीही नाचलो.

आणि त्यानंतर महिन्याभरात शाल घेतली. सभागृहात मी दहा मिनिटं बोललो. रेवलीबाईचं नाव घेतलं नाही. आजही जळगाव-धुळ्याची नवी मुलंमुली शिकायला येतात, तेव्हा मी सांगतो — डाव्या दंडावर ताईत असेल तर उजवा मोजा. ती वहीत लिहून घेतात. सरांची पद्धत म्हणतात.

दोन वर्षांनी त्या लोकांना पायथ्याशी घरं मिळाली. भगताने एकेका पोराचा ताईत सोडला. मीही गेलो होतो. पाडा सोडल्यापासून मंगलीचा डावा दंड पहिल्यांदाच उघडा झाला, त्यावर दोऱ्याचा फिकट वळ. रेवलीबाईने पट्टी माझ्यापुढे धरली, मग हात मागे घेतला आणि स्वतःच गुंडाळली. ठसठशीत हिरवा. सगळ्यांना दिसावा म्हणून तिने पोरीचा हात वर केला.

निघताना ती फाटकापर्यंत आली. धुळ्याचा तो फोटो तिला कुणीतरी दाखवला असावा.

“शाल गरम शे का, भाऊ?”

“हो,” मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

तेव्हा जे म्हणायला हवं होतं ते इथे लिहितो. त्या छावणीतली पहिली मोजणी माझी. ती खोटी होती, आणि खोटी आहे हे मला मोजतानाच माहीत होतं. दुसरी मोजणी रेवलीबाईची. पोरं तिने वाचवली, एकूण एक.