बॉनेटवरचे पोचे

घाटात गाडी तापून बंद पडली. ती मागे सरकू नये म्हणून मी चाकाला दगड लावत होते, तोच बाबांनी जॅकचा दांडा उचलून बॉनेटवर हाणायला सुरुवात केली.

"तुलाच माहेरी जायची घाई ना? बस आता इथेच," ते आईवर ओरडत होते. पत्र्याला पोचे पडत होते.

मी पुढे झाले. आईने माझं मनगट धरलं. "मारू दे त्यांना. गाडीला मारतायत तोवर बरंय."

घरात दार आपटलं, ताट भिरकावलं गेलं, की मला भीती वाटायची. आईला त्यानंतरच्या शांततेची वाटत असणार, हे मला तेव्हा कळलं.

आवाज थांबला. दांडा हातात तसाच घेऊन बाबा वळले. मी मनगट सोडवून घेतलं आणि आईच्या पुढे उभी राहिले.