कंजूष काकांच्या कोऱ्या काचा

शिंपीबुवांच्या प्रोस्टेटमधून सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा मी मंगळवारी सकाळी कचऱ्यात घालवला. तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा चकत्या कापायच्या मशीनवर दुसऱ्यांदा चढवताना कोन जुळवून घ्यायचा असतो. मी गप्पांच्या नादात तसंच पातं फिरवत राहिलो. थांबलो तेव्हा ठोकळ्यात नुसतं मेण उरलं होतं.

आधी कापलेल्या चकतीच्या काचेवर डॉक्टरीणबाईंना चार-पाच बारीक ग्रंथी दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या होत्या. चांगल्या ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात. कॅन्सरमध्ये बाहेरचा थर नाहीसा होतो. तो आहे की नाही, हे खास रंग देऊनच कळणार होतं, आणि रंगवायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. म्हणजे बुवांना पुन्हा बारा सुया.

"काका, मेलो मी."

"मर, पण माझा ब्रश ठेवून जा."

काका आमच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं मेणाच्या चकत्या कापतायत. सगळे त्यांना कंजूष काका म्हणतात, कारण त्यांच्याने काही टाकवत नाही. रंगवायच्या चकत्या रंगवतात आणि मधल्या, ज्या बाकीचे फेकतात, त्या कोऱ्या काचांवर उचलून, नंबर घालून बिस्किटांच्या डब्यांत ठेवतात. काकू म्हणतात, "घरी पिशव्या, तिकडे काचा. खोड एकच." ते डबे भंगारात काढायची टूम गेल्याच महिन्यात मी काढली होती.

काकांनी तिसरा डबा उघडला. बुवांच्या नंबरच्या दोन काचा निघाल्या.

"घे, रंगव. आधी हात पूस, घामाने निथळतायत."

दुसऱ्या दिवशी बाई मायक्रोस्कोपवर वाकल्या. काका दारात उभे राहून स्वच्छ बाटली पुन्हा पुन्हा पुसत होते.

"या, बघा," बाई म्हणाल्या. त्या प्रत्येक ग्रंथीभोवती तपकिरी कड होती. "बाहेरचा थर शाबूत आहे. कॅन्सर नाही. या काचा ठेवल्या कुणी?"

"असतात पडलेल्या," काका म्हणाले आणि बाटली घेऊन निघून गेले.

रिपोर्ट घ्यायला आलेले बुवा आधी पोटभर हसले, मग माझ्या एप्रनकडे बघून म्हणाले, "खांद्यात उसवलाय. आणून द्या."

मंगळवारच्या गडबडीत काकांचा चकत्या उचलायचा ब्रश मात्र मी गरम मेणात बुडवून वाकडा केला. नवीन आणतो म्हणालो, त्याला दोन महिने झाले. तोवर बिस्किटं मी खातो आणि रिकामा डबा त्यांना देतो.

"डब्याने ब्रश फिटत नाही, राजा," म्हणतात, आणि डबा ठेवून घेतात.