चादरीखालचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्हालाच का, ते विचारू नका.

आमचे हे वसमतला शिलाईकाम करायचे. ब्लाउज असा बेतायचे की कुरुंद्याहून बायका मुद्दाम यायच्या. मागं त्यांच्या छातीत दुखलं, नांदेडला नेलं. मनगटातून नळी घालून हृदयाची बंद नस मोकळी केली. सगळं बराबर झालं, डॉक्टर म्हणाले. मनगटावर रक्त थांबवायचा घट्ट पट्टा होता, बाहेर रक्ताचा थेंब नव्हता.

दुपारी मी सिस्टरला विचारायला गेले, यांना पाणी देऊ का म्हणून. ती खेकसली, "सारखं सारखं काय येता हो मावशी?" सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. एवढंच. एवढ्याला भ्यावं माणसानं?

थोड्या वेळानं हे म्हणाले, "अगं, हात लई ताठून राहिला. बोटं बधिर व्हायलीत. सिस्टरला सांग की."

मी पाहिलं. कोपराखाली हात टरारून फुगला होता, कातडी चकाकत होती. मला दिसलं होतं — ते सांगायचंय. तरी मी म्हणाले, "पट्ट्यानं होत असंल. गप पडा जरा." ते पुन्हा कण्हले. मी त्या हातावर चादर ओढली.

संध्याकाळी डॉक्टरांनी चादर उचलली आणि त्यांचा चेहराच उतरला. मनगटाच्या वर, आतल्या आत नस फुटून रक्त साचलं होतं. असं क्वचितच होतं म्हणे; वेळेत कळलं तर हात वाचतो. हात चिरून आतला दाब मोकळा केला. जीव राहिला. बोटं मात्र आखडली ती आखडलीच.

"आधी का नाही सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं होतं. आणि मी — मी म्हणाले, "हे काही बोललेच न्हाईत."

पुढं घरी एकदा यांनीच विचारलं, "मी तुला सांगितलं होतं ना गं?"

"न्हाई. गुंगीत होते तुमी."

असंल म्हणून यांनी मान हलवली. का नाही हलवणार? आयुष्यभर माझ्या शब्दावर चाललेला माणूस.

मशीन आता भाचा चालवतो. कुणी दवाखान्यात जायच्या आधी भेटायला आलं, की हे आपली आखडलेली बोटं पुढं करतात. "दुखलं तर बोला बाबा. मी गप राहिलो, माझीच चूक."

मी तिथंच असते. चहाचे कप गोळा करते, आत जाते.